चुकलं तर चुकलं, पुढे काय? लहान मुलांना चुकांमधून शिकवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक शाळेतल्या, म्हणजे साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे आईबाबा आणि नव्याने शिकवायला लागलेले टीचर हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून एकत्र करून ठेवलेत. सगळं क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. फक्त पहिला मात्र वाचाच, बाकीची उत्तरं त्याच्यावर उभी आहेत.

"चुकांमधून शिका" असं सगळेच म्हणतात, पण नेमकं करायचं काय?

चूक झाली म्हणून आपोआप कुणी शिकत नाही हो. मूल तीच चूक वर्षभर करत राहील आणि वर्षभर पान उलटत राहील, काही फरक पडणार नाही. जे काही शिकणं होतं ते चूक सापडल्यानंतरच्या चार-पाच मिनिटांत होतं. त्यात तीन गोष्टी व्हायला हव्यात. चूक कुठे आहे तिथे मुलाने स्वतः बोट ठेवायचं, तसं का केलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि मग तसंच दुसरं गणित किंवा तेच वाक्य लगेच परत करून बघायचं.

ही तिसरी गोष्टच सगळीकडे राहून जाते. वही तपासली, फुल्या मारल्या, बाजूला बरोबर उत्तर लिहून दिलं, मुलाने ते बघितलं न बघितलं आणि वही दप्तरात गेली, संपलं. याच्यात मूल फक्त एवढंच शिकलं की आपल्याला किती फुल्या मिळाल्या. "चुका झाल्या तरी चालतं बाळा" हे गोड बोलणं चांगलंच आहे, पण परत करायची संधीच दिली नाही तर त्या बोलण्यातून मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

कोणत्या वयापासून सुरू करायचं?

घरी ते आधीच सुरू झालेलं असतं. तीन-चार वर्षांचं मूल "मी काम करलं" म्हणतं, "मी जालो" म्हणतं. मोठ्यांपैकी कुणीच असं बोलत नाही, मग हे आलं कुठून? तर बसलो, हसलो, पडलो ऐकून ऐकून त्याने स्वतःच नियम काढला आणि तो सगळीकडे लावला. म्हणजे ही चूक हुशारीतूनच आलेली आहे. आणि तेव्हा आपण काय करतो, "हो का, तू केलंस? वा" असं म्हणून पुढे जातो, कुणी फुली मारत नाही, आणि पोरगं काही महिन्यांत नीट बोलायला लागतं. मग शाळा सुरू झाली की आपल्याच अंगात कुठून एवढा परीक्षक संचारतो कळत नाही.

एक लक्षात ठेवा, साधारण सात-आठ वर्षांनंतर मुलं स्वतःची तुलना इतरांशी जास्त करायला लागतात. त्याच्या आधी चुकीची लाज फारशी नसते, त्यामुळे परत करून बघायची सवय लावायला पहिली दोन-तीन वर्षं सोपी जातात. पण नऊ-दहाव्या वर्षी सुरू केलं तरी काही बिघडत नाही, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच.

सगळ्या चुका सारख्याच मानायच्या का?

अजिबात नाही. ढोबळमानाने एक घाईतली चूक, एक चुकीचा नियम डोक्यात बसलेला असल्याची चूक, आणि एक अजून ते शिकलेलंच नाही म्हणून झालेली चूक. ओळखायचं कसं? "हे परत एकदा बघ" एवढंच म्हणा. मुलाला स्वतःला सापडली तर ती घाईतली, तिच्यावर भाषण नको. दोनदा बघूनही "बरोबरच तर आहे" म्हणालं तर ती नियमाची चूक आणि खरं काम तिथे आहे. आणि मूल नुसतंच तोंडाकडे बघत बसलं किंवा अंदाजपंचे काहीतरी सांगायला लागलं तर चूक-बिक बाजूला ठेवा, तो भाग परत शिकवा, कारण जे आलंच नाही त्यातली चूक खोदून काही मिळत नाही.

मुलगा वजाबाकी रोज करतो आणि रोज चुकतो, कितीही सराव दिला तरी तेच. काय करू?

सराव थांबवा आणि आधी त्याची उत्तरं नीट बघा. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास मांडला होता, त्यात दिसलं की पुष्कळ मुलं वाट्टेल ते लिहीत नाहीत, ती एक नियम अगदी इमानदारीने पाळत असतात, फक्त तो नियमच चुकीचा असतो.

उदाहरण घ्या, ५२ वजा ३८. बरोबर उत्तर १४. एका मुलाने २६ लिहिलं. का? तर त्याने एककात २ आणि ८ बघितले, मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्याला माहीत आहे, म्हणून ८ मधून २ काढले, ६ आले, आणि दशकात ५ मधून ३ काढून २. दुसऱ्या मुलाने २४ लिहिलं. त्याला दशक सुटा करायचा असतो हे माहीत आहे, १२ मधून ८ काढून ४ बरोबर आणलेत, पण दशकातून एक घेतल्यावर तिथे ५ चे ४ करायचे राहिले. तिसरा ४० वजा १७ करून ३७ लिहितो, कारण शून्यातून ७ जात नाहीत म्हणून ७ तसेच खाली उतरवले.

आता या तिघांनाही "लक्ष देऊन कर" म्हटलं तर काय होईल? ते खूप लक्ष देऊन तेच चुकीचं परत करतील. आणि वीस गणितं जास्त दिली तर तो चुकीचा नियम वीस वेळा घोटून पक्का होईल, म्हणजे सरावाने नुकसान. त्यामुळे एकच गणित घ्या, "मला टीचर समजू नको, मला काही येत नाही, तू मला शिकव" म्हणा, आणि त्याला बोलत बोलत करू द्या. मध्ये बोलू नका (हे आपल्याला फार जड जातं). कुठे गाडी रुळावरून उतरते ते एका मिनिटात कळतं. २६ वाल्याला काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन "यातल्या ३८ मला दे" म्हणा, सुट्या दोनच आहेत हे दिसल्यावर तो स्वतःच गठ्ठा सोडतो. किंवा उलट तपासायला लावा, २६ आणि ३८ मिळवून ५२ येतात का? येतात ६४. मग त्याच्या चेहऱ्यावर जे येतं तिथून शिकवायला सुरुवात करा.

बेरजेतही असंच. २७ अधिक १५ बरोबर ३२ लिहिणारा हातचा विसरलाय, आणि ३१२ लिहिणाऱ्याला हातचा म्हणजे काय हेच कळलेलं नाही. वहीत दोघांनाही एकच फुली मिळते, पण दोघांना लागणारी मदत पूर्ण वेगळी आहे.

एकोणतीस सांगितलं की ३९ लिहिते, पंचेचाळीसचे ५४ करते. डोक्यात काही प्रॉब्लेम आहे का?

नाही. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं म्हणून ३ आधी लिहिला, आणि पंचेचाळीसमध्ये पाच आधी ऐकू येतात म्हणून ५ आधी लिहिले, मुलीने कानाला जे ऐकू आलं तेच केलंय. एकोणऐंशी म्हणजे ७९ की ८९ याला मोठी माणसंसुद्धा क्षणभर थांबतात, खोटं वाटत असेल तर कुणाला तरी पटकन विचारून बघा. अंकपट्टी समोर ठेवून "तीसच्या अलीकडचा कोण" असं रोज थोडं थोडं विचारा, महिना-दोन महिन्यांत बसतं.

चूक झाली की रडतो, वही फेकतो, पान फाडतो. तेव्हा काय बोलायचं?

तेव्हा गणिताबद्दल काहीच बोलायचं नाही. रडणाऱ्या मुलाच्या डोक्यात त्या वेळी नवीन काही शिरत नाही. "एवढं केलं आणि शेवटी चुकलं, राग येणारच" एवढं म्हणा आणि शांत होऊ द्या. "त्यात काय एवढं, सोड" हे टाळा, त्याच्यासाठी ते मोठंच असतं. पण त्याच दिवशी परत या हं. थोड्या वेळाने, खाऊन-पिऊन झाल्यावर, एकच गणित, आणि शक्यतो आधीपेक्षा किंचित सोपं. प्रकरण रडण्यावरच संपलं तर चुकीची आठवण म्हणजे फक्त रडणं राहतं, आणि पुढच्या वेळी रडणं लवकर सुरू होतं.

आणि थोडं स्वतःकडेही बघा. कायला हायमोविट्झ आणि कॅरल ड्वेक यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास मांडला होता. आईवडील बुद्धीबद्दल काय मानतात याचा मुलांच्या विचारांशी फारसा संबंध दिसला नाही, पण ते अपयशाबद्दल काय मानतात, ते वाईटच की त्यातून काही मिळतं, याचा मात्र दिसला. कारण ते मुलांना दिसतं. वही उघडल्यावर आपल्या कपाळावर पडलेली आठी, "अगं बाई, परत?" म्हणून सोडलेला सुस्कारा, हे सगळं ती टिपतात. तोंडाने "चूक झाली तर चालेल" आणि चेहऱ्यावर मयताची कळा, यात मूल चेहऱ्यावरच विश्वास ठेवतं.

मग आता "हुशार आहेस" असंही म्हणायचं नाही का?

म्हणा हो कधीतरी, घरात प्रेमाने काय बोलायचं यावर कुणी बंदी घालत नाहीये. पण क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचे १९९८ चे प्रयोग माहीत असलेले बरे. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली, सगळ्यांना "छान जमलं" सांगितलं, त्यात काहींना वर "तू हुशार असणार" म्हटलं आणि काहींना "तू मेहनत घेतली असणार". मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळे आपटले. त्यानंतर परत पहिल्यासारखी सोपी कोडी दिली तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनत म्हटलेल्यांची सुधारली. कारण सरळ आहे, जमलं म्हणून हुशार ठरलो तर नाही जमलं म्हणजे काय ठरलो?

मात्र यावरून लोकांनी उलटं टोक गाठलंय. प्रत्येक गोष्टीला "छान प्रयत्न, छान प्रयत्न". मुलं मूर्ख नसतात, पाट्या टाकल्यात हे त्यांनाही माहीत असतं आणि प्रयत्न करूनही येत नसेल तर "अजून प्रयत्न कर" ऐकून ती वैतागतात. त्यापेक्षा काय केलं ते सांगा: "तू उत्तर उलटं तपासून बघितलंस म्हणून चूक सापडली", "दुसऱ्या वेळी आकृती काढलीस ना, तिथे सुटलं". यात पुढच्या वेळी काय करायचं तेही आलं.

चूक लपवते, उत्तर खोडून बरोबर करते आणि खोटं बोलते. आता तर कडक व्हायलाच पाहिजे ना?

आधी हे बघा की खरं सांगितल्यावर तिला काय मिळतं. वरच्याच, "हुशार" आणि "मेहनत" अशा वेगवेगळ्या कौतुकाच्या प्रयोगात मुलांना शेवटी त्यांचे मार्क दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी कागदावर लिहायला सांगितले, नाव टाकायचं नव्हतं. हुशार म्हणून कौतुक झालेल्यांपैकी जवळपास ४० टक्के मुलांनी मार्क वाढवून लिहिले, मेहनतीचं कौतुक झालेल्यांमध्ये हे प्रमाण बरंच कमी होतं. ही काही खोटारडी मुलं नव्हती, त्यांना एक प्रतिमा सांभाळायची होती. त्यामुळे खोटं पकडायचा खेळ खेळू नका. "फुलदाणी कुणी फोडली?" हे माहीत असताना विचारणं म्हणजे खोटं बोलायचं आमंत्रण, त्यापेक्षा "फुलदाणी फुटलेली दिसतेय, चल आधी काचा उचलू" म्हणा. वहीचंही तसंच, "हे उत्तर नंतर बदललंय वाटतं, आधी काय आलं होतं तेच मला बघायचंय, तिथेच मजा आहे". पहिल्यांदा विश्वास बसणार नाही तिचा, चौथ्या-पाचव्या वेळी बसेल.

ओरडल्याशिवाय लक्षात राहत नाही, आम्ही पण मार खाऊनच शिकलो, असं घरचे म्हणतात.

मार लक्षात राहिला हे खरं. गणित किती लक्षात राहिलं ते विचारा. भीतीने मुलं पटकन एक गोष्ट शिकतात ती म्हणजे चूक दिसू द्यायची नाही, आणि दिसली नाही की दुरुस्तही होत नाही.

आजी लगेच उत्तर सांगून टाकते, त्याचं काय?

भांडू नका. आजीला एक काम द्या: नातवाने आजीला शिकवायचं आणि आजीने मुद्दाम न कळल्यासारखं करायचं. आज्या हे फार झकास करतात.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहून काढायला सांगणं बरोबर आहे का?

दहा वेळा लिहिणारं मूल कधी बघितलंय का नीट? आधी सगळे पहिले अक्षर उभ्या ओळीत लिहितं, मग सगळे दुसरे, म्हणजे शब्द असा एकदाही लिहिलेला नसतो, नुसती हमाली. आणि तिसऱ्या ओळीत चुकलं तर पुढच्या सात ओळी चुकीचंच घोटत जातं. त्यापेक्षा शब्द बघायचा, झाकायचा, मनाने लिहायचा, मग उघडून ताडून बघायचा, एवढं एकदाच. उद्या परत एकदा, चार दिवसांनी परत एकदा. मध्ये थोडं विसरायला वेळ गेला की आठवताना जो जोर लागतो त्याने ते पक्कं होतं.

शुद्धलेखनातही आधी चूक कशामुळे आली ते बघा. "आणी" लिहिणाऱ्या मुलाला आपण सरळ फुली मारतो, पण तो पाणी, राणी, गाणी, वाणी यांच्यावरून अगदी बरोबर नियम लावतोय, शब्दाच्या शेवटची वेलांटी मराठीत साधारण दीर्घच असते. "आणि" हा त्याला अपवाद आहे. त्याला तसं सांगून टाका, "तुझा नियम बरोबर आहे, हा एक शब्द नियम मोडतो". असं सांगितलेलं मुलांना जाम आवडतं, नियम मोडणाऱ्या शब्दांची यादी करायला लागतात काही जण. "मुलगि" लिहिणाऱ्याला मात्र तो नियमच अजून सापडलेला नाही, त्याला यादी नको, चार-पाच शब्द समोर ठेवून नियम शोधायला द्या.

खोडरबर द्यावा की काढून घ्यावा?

चित्रकलेला द्यावा. गणिताच्या कच्च्या कामात नको असं आमचं स्पष्ट मत आहे, एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला परत करायचं. खोडलं की पुरावाच गेला, मग का चुकलं ते ना मुलाला दिसतं ना आपल्याला. पण ज्या शाळेत खाडाखोडीचे मार्क कापतात तिथे मुलाला दोन दगडांवर उभं करू नका, आधी टीचरशी बोलून घ्या, नाहीतर घरी एक आणि शाळेत एक असं होऊन ते पोर उगाच अडकतं.

लाल पेन वाईट असतो म्हणे? आणि मार्क द्यावेत की शेरा?

पेनाच्या रंगावर लोक नको तेवढी चर्चा करतात. तुम्ही हिरव्याने फुली मारली तरी मुलाला कळतं ती फुली आहे. महत्त्वाचं हे की फुलीच्या पुढे काही करायला शिल्लक आहे का. चुकीच्या शब्दावर गोल करण्याऐवजी समासात एक टिंब द्या, म्हणजे "या ओळीत एक चूक आहे, शोध".

मार्क आणि शेऱ्याचं मात्र ऐका. रुथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. काहींना फक्त मार्क, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. आपल्याला वाटतं दोन्ही दिलं तर सगळ्यात भारी, पण तिथे शेऱ्याचा फायदा जवळपास गेलाच, कारण मार्क दिसले की शेरा कोण वाचतो. शाळेत मार्क द्यावेच लागत असतील तर एक जुगाड करता येतो, वही शेऱ्यासकट आधी द्या, दुरुस्ती करून आणू द्या आणि मार्क नंतर सांगा.

चूक लगेच सांगावी की थांबावं?

अवलंबून आहे. मूल मोठ्याने वाचत असेल तर वाक्य संपेपर्यंत थांबा. बरीच मुलं पुढे जाऊन अर्थ लागला नाही की स्वतः मागे येतात आणि ही सवय सोन्यासारखी आहे, आपण प्रत्येक अक्षराला टोकून ती मोडतो. अर्थ न बदलणारी बारीक चूक असेल तर सोडून दिली तरी चालते. वर्गात प्रश्न विचारल्यावरसुद्धा थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की टीचर प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मनातल्या मनात तीन मोजून बघा एकदा, केवढे मोठे वाटतात ते.

पण पंधरा गणितांचा होमवर्क असेल तर पहिली दोन झाल्या झाल्या बघा. तिथे थांबाल तर नियम चुकीचा असल्याचं पंधराव्या गणितानंतर कळेल. आणि कात्री, वीज, रस्ता अशा ठिकाणी थांबणं वगैरे काही नाही, लगेच हात धरायचा.

चुकीचं उत्तर अगदी ठासून सांगते, ऐकतच नाही. हिला शिकवणं अवघड जाणार ना?

उलट सोपं जातं. ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये हे दाखवलं की ज्या चुकीच्या उत्तराची खूप खात्री असते ते, बरोबर उत्तर कळल्यावर, जास्त पटकन दुरुस्त होतं. नंतर मुलांमध्येही हेच दिसलं. बहुतेक धक्का बसतो म्हणून लक्ष जास्त जातं. त्यामुळे उत्तर सांगायच्या आधी "किती खात्री आहे, पाच बोटांपैकी किती?" असं विचारत जा. पाच बोटं दाखवून चुकलं ना, की ते सहसा विसरत नाहीत. फक्त त्या धक्क्यावर हसायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी सगळे एकच बोट दाखवतील.

वर्गात चाळीस मुलं आहेत, प्रत्येकाच्या चुकीशी गप्पा मारायला वेळ कुठून आणू?

आणू शकत नाही आणि आणायची गरजही नाही, कारण चाळीस मुलांच्या चाळीस वेगळ्या चुका नसतातच. वह्या बघितल्या की एका धड्यात तीन-चारच प्रकार निघतात. त्यातला एक उचला, कुणाचंही नाव न घेता स्वतःच्या अक्षरात फळ्यावर लिहा आणि विचारा, "असं करणाऱ्याने काय विचार केला असेल? आणि यात बरोबर काय काय आहे?" दुसरा प्रश्न विसरू नका, त्याच्याने हवाच बदलते.

एक उदाहरण देतो जे कुठल्याही वर्गात चालतं: ८ + ४ = □ + ५. पुष्कळ मुलं चौकटीत १२ लिहितात, आणि काही तर सगळं मिळवून १७. कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" असं त्यांना वाटतं, दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात हे वाटत नाही. उत्तर ७ आहे हे सांगून मोकळं झालात तर उद्या परत १२ येईल. १२ का येतं आणि का चालत नाही यावर वर्गाला भांडू द्या. रॉबर्ट सीग्लर यांच्या २००२ च्या कामात अशाच प्रकारच्या गणितांवर दिसलं होतं की बरोबर उत्तर बरोबर का हे सांगण्यासोबत चुकीचं उत्तर चुकीचं का हेही ज्या मुलांनी समजावून सांगितलं ती जास्त शिकली. दहा मिनिटं लागतात, आठवड्यातून दोनदा केलं तरी पुष्कळ.

एखादा चुकला की बाकीची मुलं हसतात.

हे त्याच दिवशी थांबवा, हसून सोडून देऊ नका. एका मुलाला हसले की उरलेले सगळे हात खाली जातात, आणि ज्यांचे जातात ते सांगायला येत नाहीत. आणि खरं तर मुलं बहुतेक मोठ्यांचंच बघून हसतात, टीचरच चेष्टेने "वा, काय दिवे लावलेत" म्हणत असतील तर मग नियम करून काय उपयोग?

भिंतीवर "चुका करा, शिका" अशी पोस्टर लावली, ग्रोथ माइंडसेटचं (मेहनतीने बुद्धी वाढवता येते, हा विचार) सेशनही घेतलं. फरक दिसत नाही.

दिसणार नाही. सिस्क आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा उपक्रमांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर अभ्यासातल्या प्रगतीवर एकंदर परिणाम थोडासाच निघाला. म्हणजे विचार फालतू आहे असं नाही, पण नुसतं सांगून होत नाही. पोस्टरखाली टेस्ट झाली, मार्क मिळाले, दुरुस्तीला वेळच नाही, मग मूल पोस्टर वाचेल की टाइमटेबल? वेळापत्रकात दुरुस्तीसाठी एक तास ठेवा, पोस्टर काढलंत तरी चालेल.

माझी मुलगी चुकतच नाही. मग तर ठीक ना?

तिला फार सोपं काम मिळतंय. किंवा ती येतं तेवढंच निवडते, हे जरा बघाच. जिला आठ-नऊ वर्षं चुकायची सवयच नाही तिला पहिली मोठी चूक फार लागते. अभ्यास वाढवू नका, प्रकार बदला, नवीन वाद्य, बुद्धिबळ, पोहणं, जिथे ती सुरुवातीला सगळ्यांसारखीच चाचपडेल.

वागण्यातल्या चुकांचं काय? सॉरी म्हणायला लावायचं का?

जबरदस्तीचं सॉरी म्हणजे सुटकेचा पासवर्ड. इथेही परत करून बघणंच चालतं. ढकललं असेल तर दुसऱ्याला काय लागलं ते बघायचं, तोडलं असेल तर जोडायला मदत करायची, आणि मग "तुला खेळायला घेत नव्हते तेव्हा ढकलायच्या ऐवजी काय करता आलं असतं?" याची जागच्या जागी रंगीत तालीम, अगदी नाटक केल्यासारखी. सॉरी त्यानंतर आपणहून आलं तर उत्तम, नाही आलं तरी काम झालंय. एक मात्र बघा, मूल दमलेलं, भुकेलेलं असताना हे काहीही करू नका, तेव्हा त्याला झोपवा.

मोठ्यांनी आपल्या चुका मुलांसमोर दाखवाव्यात का?

हो, पण नाटकी नको. टीचरने फळ्यावर मुद्दाम चूक करून "शोधा" म्हणणं मुलांना फार आवडतं, रोज केलं तर मात्र मुलं खऱ्या चुकीलाही "मुद्दाम केलीत ना?" म्हणायला लागतात.

सगळं करून बघितलं तरी त्याच त्याच चुका. कुणाला दाखवायचं का?

आधी डोळे आणि कान तपासून घ्या, हे इतकं साधं आहे की नेमकं तेच राहतं. फळा नीट न दिसणारं मूल वर्षभर "लक्ष देत नाही" म्हणून ओरडा खात असतं. अक्षरं किंवा अंक आरशातल्यासारखे उलटे लिहिणं सहा-सात वर्षांपर्यंत खूप मुलांमध्ये दिसतं आणि आपोआप जातं, त्यावरून लगेच घाबरू नका. पण आठ वर्षांनंतरही वाचन फार अडखळत असेल, ऐकून सगळं कळतं आणि लिहिताना काहीच उतरत नाही असं असेल, छोट्या संख्यांचाही अंदाज येत नसेल, आणि हे घरी आणि शाळेत दोन्हीकडे महिनोन्‌महिने तसंच असेल, तर डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) किंवा डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांमधली अडचण) यासारख्या अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. शाळेतल्या समुपदेशकांना किंवा बालरोगतज्ज्ञांना विचारा, ते पुढे योग्य माणसाकडे पाठवतात. जाताना गेल्या दोन-तीन महिन्यांच्या वह्या सोबत न्या, आणि त्या खाडाखोडीसकट न्या, नीटनेटक्या फेअर वह्या बघून त्यांना काही कळणार नाही.